साहेबांचा कान

साहेबांना खोकणारी माणसं आवडत नसत. मैफलीत कोणी खोकलं की ते अख्खे मागे वळत, एकेक चेहरा तपासत, आणि खोकणारा सापडला की गाणं सोडून त्याच्याकडेच बघत बसत. बांगड्या वाजवणाऱ्या बायका, किल्ल्यांचा जुडगा बोटाभोवती फिरवणारे पुरुष, मांडीवर भलताच ताल धरणारे जाणकार, पोराला गप्प करायला बिस्किटाचा पुडा फोडणाऱ्या आया, सगळ्यांवर राग. नाशिकमध्ये गाणं ऐकायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी कधी ना कधी डोळे वटारले असतील. "कान धुऊन येत जा," असं ते बेधडक म्हणत. ओळख असो, नसो.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कॉलेजात होते. वडिलांबरोबर एका शाळेच्या सभागृहात गाणं ऐकायला गेले होते. बाहेरगावच्या एक वयस्कर गायिका होत्या, संध्याकाळची वेळ, विलंबित ख्याल नुकता रंगात आलेला. तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले. उशिरा, आणि दहा-बारा कार्यकर्ते घेऊन. संयोजकांची पळापळ झाली. एकानं वाकून गायिकेला हातानंच थांबायची खूण केली, दुसरा शाल-श्रीफळ घेऊन थेट स्टेजवर चढला. बाई आवर्तनाच्या मधोमध थांबल्या. तबलेवाल्याचा हात तसाच वर राहिला.

पुढच्या रांगेतून एक ठेंगणा, टक्कल पडलेला माणूस उठला.

"ओ! शाल नंतर! आधी सम येऊ द्या!"

लोक हसले. तो हसत नव्हता. दोन स्वयंसेवक त्याला दंडाला धरून बाहेर न्यायला लागले, तर तो त्यांच्यावरच खेकसला, "हात लावू नका, चालता येतं मला. त्यांना समेवर येऊ द्या फक्त!" बाहेर काढलं तरी तो घरी गेला नाही. सभागृहाच्या भिंतीला लागून सायकलस्टँड होता, तिथे उभा राहून त्यानं उरलेलं सगळं गाणं ऐकलं. आम्ही निघालो तेव्हा तो तिथे हॉर्न वाजवला म्हणून एका रिक्षावाल्याशी भांडत होता.

ते गाणं ठेवणाऱ्या मंडळानं त्यांचं सभासदत्व रद्द केलं आणि पुढे कित्येक वर्षं ते त्या मंडळाचं प्रत्येक गाणं सायकलस्टँडवरूनच ऐकत होते. त्या संध्याकाळी मला हा माणूस फार आवडला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्यांच्याविषयी चांगलं सांगण्यासारखं माझ्याकडे थोडंच आहे.

काही वर्षांनी मी अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला लागले. मालकांना जर्मनीहून यंत्रं आणायची होती, तिकडच्या कंपनीशी पत्रव्यवहार चालू होता, आणि पुण्याला जाऊन-येऊन जर्मन शिकलेली मुलगी त्यांना इंदिरानगरातच सापडली. पहिल्या दिवशी मला कारखान्याच्या प्रमुखांसमोर उभं केलं. तोच ठेंगणा माणूस. मी आनंदानं म्हणाले, "सर, मी तुम्हाला त्या गाण्याला पाहिलं होतं."

"मग तेव्हा तू का नाही उठलीस?" ते म्हणाले.

हे आमचं पहिलं बोलणं. तिथून पुढे त्यांनी मला माझ्या नावानं कधीच हाक मारली नाही. "ए जर्मन, इकडे ये." सगळ्या ऑफिससमोर, शिपायांसमोर, "जर्मन कुठे गेली?" मी एकदा सांगून पाहिलं की साहेब, मला नाव आहे. "असेल," ते म्हणाले.

त्यांना इंग्रजी कामापुरतंच येत होतं, आणि तेही रागातच जास्त. त्यामुळे जर्मन लोकांशी त्यांचं सगळं बोलणं माझ्या तोंडून. आणि बोलणं म्हणजे काय? "यांना सांग, हे ड्रॉइंग पोरानं काढलंय का?" "यांना विचार, लाज वाटते का?" समोर परक्या देशातले पाहुणे चहा पिताहेत. मी काटे काढून, साल काढून, फोडी करून ते पाहुण्यांना द्यायची. साहेबांना भाषा कळत नव्हती, पण लांबी कळायची. "मी चार शब्द बोललो. तू एवढं काय बोललीस?"

"साहेब, तिकडे असं थेट बोलत नाहीत. साल काढून द्यावं लागतं."

"तू पाइप आहेस. पाइपानं पाण्याला चव द्यायची नसते."

मी घरी येऊन रडायची नाही, भांडी आपटायची. आई म्हणायची, सोड ती नोकरी. मी सोडत नव्हते. एकतर त्या वेळी नाशकात जर्मन बोलण्याचे पैसे देणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि दुसरं म्हणजे, त्या माणसाची एक गोष्ट मला खटकायची तितकीच खेचायचीही: तो कुणासाठीच स्वर बदलत नसे. मालकांशीही तो तसाच बोलायचा.

एकदा काही कागद घेऊन मी त्यांच्या गंगापूर रोडच्या घरी गेले. साहेब आतल्या खोलीत रेडिओ ऐकत होते, म्हणजे त्यांना हाक मारायची सोय नव्हती. काकूंनी मला स्वयंपाकघरात बसवलं, पोहे दिले. त्या कुजबुजत बोलत होत्या, त्यामुळे मीही कुजबुजत होते. मी सहज विचारलं, "काकू, तुम्हाला गाण्याची आवड आहे का हो?"

"होती," त्या म्हणाल्या. "माहेरी भजनं म्हणायचे मी. लग्नानंतर एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणत होते, तर हे दारात येऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत गं. नुसता चेहरा केला. खारट आमटी खाल्ल्यावर करतात ना, तसा." त्या हसल्या. "आता न्हाणीघरात म्हणते. नळ सोडून."

त्या हसल्या म्हणून मीही हसले. पण घरी येताना स्कूटरवर मला एवढा संताप आला की सिग्नल कधी सुटला ते कळलं नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवले.

मग जर्मनीला जायचं ठरलं. करार पक्का करायला साहेब आणि मी. नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझा पहिलाच परदेशप्रवास, माझा पहिलाच पासपोर्ट. आईनं मेथीचे ठेपले दिले होते. विमानात साहेबांनी शेजारच्या माणसाला चमचा ताटलीवर वाजवतो म्हणून झापलं. मराठीत.

ते गाव लहान होतं, नदीकाठी, स्वच्छ. कारखान्याच्या मालकीणबाई साठीच्या, उंच, राखाडी केसांच्या. त्यांचे यजमान त्याच वर्षी वसंतात वारले होते आणि कारखाना आता त्याच बघत होत्या. आमच्याशी त्या इतक्या आपुलकीनं वागल्या की मला अवघडल्यासारखं व्हायचं. साहेबांना मांस चालत नाही म्हणून त्यांनी स्वतः बटाट्याचं काहीतरी करून आणलं. साहेबांनी ते खाल्लं आणि मला म्हणाले, "सांग, मीठ कमी आहे." मी सांगितलं, "फार छान झालंय म्हणताहेत."

सह्यांच्या आदल्या दिवशी बाईंनी एक बातमी दिली. गावात त्या आणि त्यांच्या मैत्रिणी मिळून गाण्याबजावण्याचे कार्यक्रम ठरवत असत. नेमका त्याच संध्याकाळी एका भारतीय सतारवादकाचा कार्यक्रम होता. तो युरोपातच राहायचा आणि दर वर्षी त्या गावात वाजवायला यायचा. "तुम्हाला घरची आठवण येत असेल," बाई म्हणाल्या. "पहिल्या रांगेत जागा ठेवल्या आहेत."

साहेबांचा चेहरा मी पहिल्यांदाच उजळलेला पाहिला. त्यांनी हॉटेलात जाऊन दाढी केली, धुतलेला झब्बा घातला. सभागृहात शिरताना मला म्हणाले, "बूट वाजवू नको."

सभागृह भरलेलं होतं. लोक कोट बाहेर ठेवून आले होते, हळू आवाजात बोलत होते, आणि दिवे मंद झाल्याबरोबर सगळे गप्प झाले. ती शांतता मी नाशकात कधी अनुभवली नव्हती. कोणी हललं नाही. साहेबांनी एकदा मागे वळून पाहिलं, सवयीनं, आणि कोणीच सापडलं नाही म्हणून परत पुढे वळले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बघ. याला म्हणतात बसणं."

मग तो वादक आला. भगवा झब्बा, खांद्यापर्यंत केस, चार-पाच उदबत्त्या. त्यानं आधी इंग्रजीत बराच वेळ भाषण केलं. हा सकाळचा राग आहे, पण आत्म्याला घड्याळ नसतं. याचे स्वर शरीरातली सात दारं उघडतात. मग वाजवायला बसला.

मला गाण्यातलं फारसं कळत नाही. पण इतकी वर्षं साहेबांच्या आसपास राहून सूर लागलेला नाही एवढं माझ्याही लक्षात आलं. त्याची सतार नीट जुळलेली नव्हती. आलाप सुरू झाला म्हणेपर्यंत संपला, आणि मग तो नुसता जोरजोरात, वेगात तारा छेडत सुटला. मान हलवत, डोळे मिटून, केस उडवत. आणि लोक श्वास रोखून ऐकत होते. बाई माझ्या पलीकडे बसल्या होत्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांचेही डोळे ओले होते. क्षणभर मला वाटलं, सुटलो आपण.

"हरामखोर," ते दात आवळून म्हणाले. "अशी माणसं मिळाली. अशी शांतता मिळाली. आणि हा त्यांना शिळं वाढतोय."

कार्यक्रम संपल्यावर बाहेरच्या दालनात वाइन आणि चीज ठेवलं होतं. बाई आमच्याकडे आल्या. डोळे अजून लाल, पण चेहरा मोकळा, हलका. "तुमच्या साहेबांना विचारा ना, कसं वाटलं?"

मी विचारलं. साहेब म्हणाले, "सांग, तुम्हाला फसवलंय. हा माणूस भामटा आहे. सतार जुळवायलासुद्धा तो शिकलेला नाही."

मी मराठीत म्हणाले, "साहेब, नको. उद्या सह्या आहेत. छान होतं म्हणते मी."

"तू तुझं काही म्हणायचं नाहीस. शब्दन् शब्द सांग. ही बाई एवढं मन लावून ऐकते, तिला खरं कळायला नको? तिला तुम्ही सगळे लहान मूल समजता का?"

आजूबाजूचे लोक बघायला लागले होते, कारण साहेब हळू बोलत नव्हते. आणि मला, काय सांगू, एकदम राग आला. इतक्या वर्षांचा. ए जर्मनचा, पाइपाचा, काकूंच्या नळाचा. म्हटलं, हवंय ना शब्दन् शब्द? घ्या. मी साल न काढता, फोडी न करता, ते जसंच्या तसं बाईंना सांगितलं. भामटासुद्धा.

बाईंच्या हातातला ग्लास तसाच राहिला. मग त्या सावकाश म्हणाल्या, "मी त्यांचं सांगणं समजू शकते. मला या संगीताचं ज्ञान नाही. पण नवरा गेल्यापासून मी रडले नव्हते. आज रडले. ते खोटं होतं का? विचारा त्यांना."

मी मराठीत सांगितलं. शब्दन् शब्द. मला वाटलं होतं, हे ऐकून तरी माणूस विरघळेल.

साहेब विचारात पडले. खरंच विचार करत होते, हे मला दिसत होतं. मग म्हणाले, "खोट्या वाजवण्यावर आलेलं रडणं खोटंच. सांग."

"नाही सांगणार."

"काय?"

"हे मी सांगणार नाही, साहेब. तुम्हीच सांगा. त्यांच्या तोंडाकडे बघून सांगा."

ते बाईंकडे वळले. त्यांच्या तुटक्या इंग्रजीत शब्द शोधले. एकच सापडला.

"फॉल्स," ते म्हणाले. "मॅडम, फॉल्स."

बाईंनी ग्लास टेबलावर ठेवला. कोट घेतला आणि त्या निघून गेल्या. मला शुभरात्रीसुद्धा म्हणाल्या नाहीत, आणि का म्हणाव्यात?

दुसऱ्या दिवशी सह्या झाल्या नाहीत. बाईंची तब्येत बरी नाही असं त्यांच्या माणसानं कळवलं. नाशकात परतलो तोवर बातमी आमच्या आधी पोचली होती. मालकांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. ते व्यवहारी गृहस्थ होते, आरडाओरडा करणारे नव्हते.

"हे बघा साहेब," ते म्हणाले, "मार्ग सोपा आहे. तुम्ही फक्त म्हणा की मुलीची भाषांतरात चूक झाली. तरुण आहे, गडबडली. मी त्या बाईंची माफी मागतो, विषय संपतो. हिला चार महिन्यांनी दुसरीकडे लावून देऊ."

"तिची चूक झाली नाही," साहेब म्हणाले. "एकही शब्द इकडचा तिकडे झाला नाही. एक वाक्य सांगायला तिनं नकार दिला, ते मी सांगितलं."

"नकार दिला?" मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे आधीचं सगळं समजून-उमजून सांगितलंस? तुला तेवढी अक्कल नको?"

मग ते साहेबांकडे वळले.

"बरं, मग तुम्ही म्हणा की तुमची चूक झाली."

"माझी चूक झाली नाही. तो बेसूर होता."

मालकांनी हात जोडले. महिना संपायच्या आत आम्ही दोघं कारखान्याच्या बाहेर होतो. साहेबांना नुसतं वय झालं म्हणून निरोप दिला, मला काहीच न म्हणता.

फाटकाबाहेर मी त्यांना गाठलं. मी ओरडत होते. वॉचमन बघत होता. "साहेब, एक शब्द खोटं बोलला असतात तर माझी नाही तर तुमची, एक तरी नोकरी वाचली असती! म्हणायचं होतंत मी चुकले. मला चाललं असतं!"

"तू चुकली नव्हतीस," ते म्हणाले. "बेसूर असतीस तर मीच तसं म्हणालो असतो. सुरात होतीस, मग बेसूर का म्हणवून घ्यायचं?"

आणि स्कूटरला किक मारून गेले. लोक मला सांगतात, अगं, केवढी शाबासकी दिली त्यांनी तुला. असेल. वडील निवृत्त झाले होते आणि शाबासकीवर घर चालत नव्हतं.

पुढे मी गंगापूर रोडला एक खोली भाड्यानं घेऊन जर्मनचे वर्ग सुरू केले. तिकडे शिकायला जाणारी मुलं वाढत होती, वर्ग चालला. बरीच वर्षं गेली. मुलांच्या हातात मोबाइल आले होते. एके दिवशी दारात साहेब उभे.

"ए जर्मन. जागा आहे का?"

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी. एक वाक्य दुरुस्त करायचंय. त्या बाईंना मी जे म्हणालो ना, तो शब्द बरोबर लागला नव्हता."

मी म्हणाले, "वाक्य काय ते सांगा, मी फोन करून कळवते."

"नाही. तेव्हा तू म्हणालीस, तुम्हीच सांगा. ते बरोबर होतं."

मी त्यांना हाकलून द्यायला हवं होतं. दिलं नाही. ते वर्षभर येत राहिले आणि वर्षभर मी धुमसत राहिले. कॉलेजच्या पोरांमध्ये पहिल्या बाकावर बसायचे. कोणाचा मोबाइल वाजला की माझ्या वर्गातून त्याला परस्पर बाहेर काढायचे. "चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसक! हे लोक कारखाने कसे चालवतात?" पाठांतर मात्र चोख. उच्चार मी दुरुस्त केला की पुन्हा पुन्हा म्हणून बघायचे, पटेपर्यंत. एकदाही आभार नाहीत, एकदाही त्या केबिनचा विषय नाही.

शेवटी एका रविवारी दुपारी ते इंदिरानगरला माझ्या घरी आले. मी बाईंचा नंबर फिरवला, ओळख दिली, आणि रिसीव्हर साहेबांच्या हातात दिला. ते उभे राहिले. स्वच्छ, सावकाश, व्याकरणात एकही चूक न करता म्हणाले: तुमचं रडणं खरं होतं. मी वापरलेला शब्द चुकीचा होता.

मग बाई बोलू लागल्या. साहेब ऐकत राहिले, पण बाईंचं बोलणं त्यांच्या शिकण्याच्या पलीकडचं होतं. त्यांनी रिसीव्हर माझ्याकडे दिला. बाईंनी मला सगळं पुन्हा सांगितलं, न चिडता, आणि फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. म्हातारे झाले होते. झब्बा सैल झाला होता.

"साल काढू नको," ते म्हणाले. म्हणजे माझा तो शब्द त्यांनी लक्षात ठेवला होता तर, सगळी वर्षं.

मी काढली नाही. सांगितलं: "म्हणाल्या, फोन केलात, बरं केलंत. त्या संध्याकाळी सतार वाजत असताना त्यांना पहिल्यांदा वाटलं होतं की नवऱ्यामागेही आपण जगू. मग तुम्ही तो शब्द म्हणालात. त्यांनी कार्यक्रम ठरवणं सोडलं. आता कुठलंही संगीत सुरू झालं की त्या आधी बघतात, हे खरं की खोटं. आणि ते बघता बघता ऐकायचं राहून जातं."

साहेब खुर्चीवर बसले. खाली रस्त्यावर भाजीवाली ओरडत होती, तिच्याकडेही त्यांनी रागानं पाहिलं नाही.

"शेवटचं पुन्हा सांग."

"ऐकायचं राहून जातं."

"माझंही," ते म्हणाले.

मी उठून दार उघडलं. त्यांना चहा विचारावा असं मला वाटलं नाही. आजही वाटत नाही.